गाऱ्हाण्यात मिटलेला खून

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, 'दिवाळी अंक आहे, तेव्हा कामातले गमतीदार अनुभव लिहा, वाचकांना जड होऊ देऊ नका.' गमतीचे एक-दोन देते. बाकीचं जडच आहे. वाचकांनी फराळ आधी उरकून घ्यावा.

मी मालवणच्या किनाऱ्यावर मच्छीमार संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. काम काय करता असं कुणी विचारलं की 'पत्रकं काढते' असं सांगते. ते अर्धंच खरं आहे. पत्रक काढायला फार काही लागत नाही. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइलचा दांडा फिरवायचा, कोपरापर्यंत काळं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात आपल्याच 'ट्रॉलरशाही चालणार नाही'मध्ये कुणीतरी सुंगटं, म्हणजे कोळंबी, बांधून नेताना बघायचं. मासे विकणाऱ्या बायकांनी माझं नाव 'कागदवाली' ठेवलंय ते त्यामुळे. "कागदवाली इली गो, बांगड्यांका कागद झालो!" ही थट्टा आता मला पाठ आहे. वाचलं नाही तरी निदान भिजलं, असं म्हणून मी पुढे जाते.

माझं खरं काम साक्षीदार सांभाळण्याचं. ट्रॉलरवाले किनाऱ्यालगत येऊन छोट्या माणसांची जाळी फाडतात, मारामाऱ्या होतात, खटले उभे राहतात. खटला म्हणजे वकिलांची लढाई असं शहरातल्यांना वाटतं. आमच्याकडे खटला म्हणजे एस.टी.ची लढाई. साक्षीदाराने समुद्र सोडून सकाळची गाडी धरायची, कोर्टाच्या व्हरांड्यात उकिडवं बसायचं, आणि दुपारी पट्टेवाल्याने येऊन सांगायचं, साहेब आज बसणार नाहीत, पुढली तारीख घ्या. असं होता होता एक दिवस साक्षीदारच म्हणतो, "माका काय आठवणा नाय." कायदा त्याला फितूर म्हणतो. त्याला फितूर कुणी केलं, हे कायदा विचारत नाही.

तर माझं काम एवढंच की साक्षीदार गाडीत बसला पाहिजे, व्हरांड्यात त्याच्या शेजारी समोरच्या बाजूचा माणूस येऊन बसता कामा नये, आणि पिंजऱ्यात उभं राहीपर्यंत त्याच्या पोटात चहा-भजी गेली पाहिजे. काय बोलायचं ते शिकवायचं नाही. तो गुन्हा आहे, आणि त्याचा उपयोगही नसतो. शिकवलेली साक्ष उलटतपासणीच्या पहिल्या धक्क्यात गळून पडते.

देवगडकडचा एक म्हातारा मला आठवतो. जाळी कापल्याची केस. न्यायाधीशांनी विचारलं, "त्या वेळी तुम्ही नक्की कुठे होता?" म्हातारा म्हणाला, "मी होडयेत होतंय. तुमी खंय होतास?" कोर्ट हसलं. मी हसले नाही. प्रश्न बरोबर होता. दुसरा एक साक्षीदार तारखेच्या दिवशी बांद्याला सासुरवाडीत जाऊन लपला. त्याला मी जेवणाच्या पानावरून उठवून आणलं. साक्ष त्याने चांगली दिली, पण अजून भेटला की म्हणतो, "बाय, त्या दिवसाची सोलकढी रवली ती रवलीच."

झाल्या गमती. आता शेवंतावयनीचा खटला सांगते. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. मी कुणाला घाबरत नाही, पण तिला त्याच गावात राहायचं आहे.

तिचा नवरा वासू रापणीवर होता. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रापण म्हणजे एक लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकत नेतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणतात. मग दोन रांगा करून माणसं ते ओढतात. आख्खी वाडी त्याला लागते. पुढे गुडघाभर पाण्यात उभा राहतो तो जाणता माणूस, त्याच्या हाताच्या ओढीवर बाकीचे ओढतात. बायका सहसा मागे, वाळूत. आणि एक नियम आहे, माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा जुना. दोरीला ज्याने हात लावला त्याला वाटा. वाटसरू असो, वैरी असो. हात लावलेल्याला रिकामं पाठवायचं नाही.

वासू त्या पुढच्या जागेवरचा माणूस. ट्रॉलरच्या विरोधात आमच्या सभा त्या गावात व्हायच्या त्या त्याच्या शब्दावर. बोलायला लाजायचा. सभेत मला म्हणायचा, "तू बोल गो, मी पाठीमागे उभो रवतंय." आणि खरंच हाताची घडी घालून मागे उभा राहायचा. त्याच्या बाजूला नेहमी बाबल. दोघं एका वयाचे, एका होडीत वाढलेले. बाबलाने विडी पेटवली की पहिला झुरका वासूचा. शेवंतावयनी हसत सांगायची, "माज्या लग्नात घोवापेक्षा ह्योच जास्ती नाचलो."

एका पहाटे हे दोघे मासळीचा अंदाज घ्यायला होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले. बाबल एकटा पोहत परत आला. होडी उलटली म्हणाला. सगळी वाडी पाण्यात उतरली. शोधणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे बाबल होता. प्रेत सापडलं तेव्हा ते उचललं त्याने, खांदा दिला त्याने, आणि शेवंतावयनीच्या पोरींना उचलून घरात नेलं तेही त्यानेच. पोलिसांनी अपघात लिहिला. डोक्याला जखम होती. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत, त्यामुळे त्या जखमेबद्दल कुणी दोनदा विचार केला नाही. मीही केला नाही. मी शोकसभेचं पत्रक काढलं.

त्यानंतर रापण रिकामी यायला लागली. जाळं ओढावं आणि आत शेवाळ नि चार खेकडे. शहाणी माणसं याला योगायोग म्हणतील. मीही म्हणते. पण गाव म्हणाला, काहीतरी राहून गेलंय, देवापुढे घालायला पाहिजे. तिथल्या ग्रामदेवतेच्या देवळात गाव जमला. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. गावकर, म्हणजे देवळाचा मुख्य मानकरी, देवापुढे उभा राहून गावाचं म्हणणं मांडतो आणि प्रत्येक वाक्यावर सगळे मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हे गावकर म्हणजे अण्णा, सत्तरीचे, ताठ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी नारळ ठेवला. त्या पहाटे जो जो पाण्यावर होता त्याने पुढे येऊन नारळाला हात लावायचा होता.

"जेच्याकडसून काय चुकला माकला असात, तेना आज हंयसर उलयचा. तेका तू सांभाळून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबलाची पाळी आली. त्याचा हात नारळापर्यंत गेला नाही. तो खाली बसला. म्हणाला, "मी मारलंय. वल्ह्यान मारलंय."

का मारलं तेही त्याने तिथेच सांगितलं. पुढच्या हंगामापासून तो एका ट्रॉलरवर तांडेल म्हणून, म्हणजे बोटीचा मुख्य होऊन, जाणार होता. बोलणी झाली होती. वासूला ते सभेच्या आदल्या दिवशी कळलं. तो एवढंच म्हणाला, "फाल्या सभेत तूच सांग. माका सांगूक लावू नको." बाबलाला तोंड दाखवायला जागा उरली नसती. एवढ्यासाठी. ज्या माणसाला आपल्या विडीचा पहिला झुरका दिला त्याच्या डोक्यात वल्हं घालायला एवढं कारण पुरतं, हे मला अजून पटत नाही. पण खून पटण्यासारखे असते तर आम्हाला कोर्टं कशाला लागली असती?

त्यानंतर गावाने जे केलं त्याने माझं डोकं फिरलं. देवाला कौल लावला. मूर्तीवर तांदूळ चिकटवतात, उजवीकडचे पडले तर होकार. उजवा कौल झाला आणि निवाडा ठरला. वासूची रापणीतली जागा बाबलाने भरायची, ट्रॉलरचं नाव घ्यायचं नाही, आणि वासूच्या घरी रोज मासळी पोचवायची, घर शाकारायचं, जन्मभर. मिटलं. सगळे प्रसाद घेऊन घरी गेले. पोलीस स्टेशन तिथून एका एस.टी.च्या अंतरावर होतं. तिकडे कुणीही गेलं नाही.

शेवंतावयनी त्या वेळी देवळाच्या पायरीवर बायकांत बसली होती. तिने कानांनी ऐकलं.

मला हे तिच्याकडून कळलं ते दीड-दोन महिन्यांनी. मी तिला संघटनेच्या मोर्च्याला बोलवायला गेले होते. तिने मला पडवीत बसवलं. घरावर माडाच्या विणलेल्या पानांची नवी झापं चढलेली होती.

"बरी शाकारल्यानी," मी म्हटलं. "कोणी?"

"जेना वासूक मारल्यान तेना."

मग सगळं सांगितलं, एका पट्टीत, रडू नाही काही नाही. शेवटी म्हणाली, "तो माज्या घरावर चडलो गो. वासू चडायचो तसो, त्याच पायान. मी खाली उभी रवान त्येका झापां दिलंय."

"माझ्याबरोबर पोलिसांत येशील?"

ती उठली. मग पोरींना शेजारी ठेवून लुगडं बदलून आली.

पोलिसांनी फिर्याद घेतली, बाबलाला धरलं. फौजदाराने गावात येऊन आवाज चढवला तेव्हा अण्णांसकट पाच-सहा जणांनी जबाबही दिले की हो, देवळात बाबल असं बोलला. मला वाटलं, झालं. तेव्हा मी या कामात नवीन होते. पोलिसांसमोरच्या जबाबाला कोर्टात किंमत नसते. माणसाने पिंजऱ्यात उभं राहून पुन्हा बोलावं लागतं. आणि मधे वर्षं जातात.

काही महिन्यांनी बाबल जामिनावर सुटला. अट होती, साक्षीदारांना भेटायचं नाही. तो सुटला त्याच्या दुसऱ्या सकाळी शेवंतावयनीच्या घराच्या गडग्याशी, दगडी कुंपणाशी, येऊन खाकरला आणि मासळीची टोपली ठेवून गेला. देवाचा निवाडा होता ना! त्या दिवसापासून समुद्रात जाता येईल त्या प्रत्येक दिवशी. बोलायचा नाही. खाकरायचा, ठेवायचा, जायचा.

मी तक्रार द्यायला पोलीस स्टेशनात गेले. हवालदाराने कागद घेतला.

"आरोपीने साक्षीदाराला काय धमकी दिली?"

"धमकी नाही दिली. मासे देतो."

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, जामीन रद्द करावा, आरोपी बांगडे देतो. असं लिहू?"

मागच्या बाकावरचे दोघे खो खो हसले. मी तिथे भाषण केलं. भाषणाचा उपयोग झाला नाही, चहा मात्र मिळाला.

शेवंतावयनीला मी रागावून विचारलं, "त्येच्या हातचा खातस कित्या?"

"मी खाणंय नाय. मी पेज जेवतंय. चेडवांका घालतंय." मग पोरींबद्दल म्हणाली, "तेंका तो आवडता. बाबलकाका इलो म्हणान धावतत. तेंका काय सांगू? सांग, कागदवाले, तुका पत्रक काडूक येता मा? चेडवांसाठी एक काड."

ते पत्रक मला अजून लिहिता आलेलं नाही.

खटला बोर्डावर आला तेव्हा मी अण्णांकडे गेले. ते खळ्यात बसून सुपारी कातरत होते. बसायला पाट दिला, पाणी दिलं. वाईट वागले असते तर सोपं गेलं असतं.

"अण्णानू, तुमी आयकलात ना?"

"आयकलंय."

"मगे कोर्टात सांगूक काय झाला?"

"देवाक सांगलेला दुसऱ्या दारात नेणत नाय, बाय. देवाचो अपमान होता."

"आनी खोटा बोललास तर होणा नाय?"

"कोर्टात?" अण्णा खरंच चकित झाले. "कोर्टात काय देव बसता?"

मी ट्रॉलरपासून राज्यघटनेपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "तुज्या सरकारान बाबलाक फासार दिल्यान, तर वासूच्या चेडवांच्या ताटात मासो कोण घालतलो? कलेक्टर? एक वल्हा गेला ता गेला. तू दुसराय मोडूक निघालंस. आनी ह्येका न्याय म्हणतस."

मी म्हटलं, "अण्णानू, तुमी शेवंतावयनीक विचारलात? तिका काय व्हया ता?"

"तिका कित्या विचारूक होया? देवाक विचारलंव."

हे वाक्य मी अण्णांचं नाव न घालता नंतर एका पत्रकात छापलं, ठळक अक्षरांत. त्या गावात तरी त्या पत्रकात कुणी सुंगटं बांधली नाहीत. जाळून टाकलं.

कोर्टात अण्णा पिंजऱ्यात ताठ उभे राहिले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. मला ऐकू कमी येतं." त्यांच्या मागून चौघे तसेच. एकाने सांगितलं की त्या दिवशी तो शिरोड्याला होता. सरकारी वकील एकेकाला फितूर म्हणून जाहीर करत गेले. माझ्या वहीतल्या सगळ्या साक्षीदारांना मी गाडीत बसवून आणलं होतं, भजी खाऊ घातली होती, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच खर्चाने खोटं बोलत होते. माझ्या कामाची तऱ्हा ही अशी.

उरली शेवंतावयनी. आदल्या दिवशी बायकांनी तिला विहिरीवर अडवून सांगितलं होतं, तू बोललीस तर देवाचा निवाडा तुझ्याकडून मोडेल, मग बघ बाई तुझं तू. ती मला हे गाडीत सांगत होती. मी विचारलं, "मगे?" ती म्हणाली, "मगे काय? खिडकी लाव, वारो लागता."

तिची शपथ झाली. बाबल आरोपीच्या पिंजऱ्यात मान खाली घालून उभा होता. मागच्या बाकांवर गाव बसला होता.

"देवळात आरोपी काय म्हणाला?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"त्याने नारळाला हात लावला नाही. खाली बसला." इथपर्यंत ती ऑफिसातलं मराठी बोलली. मग ते सुटलं. "म्हणालो, मी मारलंय. वल्ह्यान मारलंय. वासू माज्याकडे पाठ करून बसलो होतो."

हे शेवटचं तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं. बाबलाने पिंजऱ्याचा कठडा धरला.

मग बचावाचे वकील उठले. सावकाश, मऊ बोलणारे गृहस्थ.

"गावाने आरोपीला तुमचं घर सांभाळायला सांगितलं. तुम्ही ते मान्य केलंत?"

"मला कोणी विचारलं नाही."

"पण मासळी घेतलीत?"

"घेतली."

"ज्याने नवऱ्याचा खून केला म्हणता, त्याच्या हातची?"

"व्हय. तेवा माज्याकडे चेडवां होती, तोंड नाय होता. आज तोंड घेवन इलंय."

न्यायाधीश देशावरचे होते. त्यांना कारकुनाने अर्थ सांगितला. त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटलं, आता काय हवं?

वकिलांनी शेवटचा प्रश्न अगदी सहज विचारला. "बाई, आरोपी बोलायच्या आधी गावकर काय म्हणाले होते?"

"ज्याच्याकडून काही चुकलं असेल त्याने आज बोलावं. देव त्याला सांभाळून घेईल."

"आणि गाव काय म्हणाला?"

"व्हय म्हाराजा."

"बस, एवढंच," म्हणून ते खाली बसले. सरकारी वकिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काय झालं ते मला नंतर व्हरांड्यात त्यांनीच समजावलं. अधिकार असलेल्या माणसाने 'बोल, तुला सांभाळून घेऊ' असं वचन दिलं आणि त्यावर आरोपी बोलला, तर ती कबुली कायद्यात धरत नाहीत. कायदा चांगलाच आहे. पोलिसांच्या फसवणुकीतून गरिबाला वाचवायला केलेला आहे. आम्हीच तो कितीतरी वेळा वापरलाय. आमच्या प्रत्येक गाऱ्हाण्यात, लग्नाच्या असो की पेरणीच्या, 'सांभाळून घे म्हाराजा' असतंच. ते अण्णांनी उभ्या आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल! त्या दिवशी ते वचन ठरलं. शेवंतावयनी खरं बोलली नसती तर? पण तिला खरं बोल म्हणून तर आम्ही तिथे नेलं होतं.

निकाल लागला. कबुली ग्राह्य नाही, बाकी साक्षीदार फितूर, डोक्याची जखम खडकावर आपटूनही होऊ शकते असं डॉक्टरांनी मान्य केलेलं. संशयाचा फायदा. बाबल सुटला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे एकाच एस.टी.ने परतायचे, त्यामुळे फिर्यादी, आरोपी, फितूर, कार्यकर्ती सगळे कोर्टाबाहेर एकाच झाडाखाली उभे. अण्णा पुढे आले.

"शेवंता, देवाचो निवाडो तू मोडलंस. आता बाबलाक तुज्या दारात येवची गरज नाय. गाव त्येका मोकळो करता."

म्हणजे कोर्टाने सोडलं ते सोडलंच, आता देवानेही सोडलं! मी तोंड उघडलं. पत्रकाची पहिली ओळ माझ्या जिभेवर तयार होती. शेवंतावयनीने माझं मनगट धरलं.

"बरा झाला," ती अण्णांना म्हणाली.

तेवढ्यात बाबल पुढे झाला. त्याचा आवाज मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकला. "वयनी, गावान सोडल्यान तरी मी येतलंय. मासळी घेवन येतलंय."

"नको येव."

"वयनी—"

"तू येवचो नाय, म्हणानच मी थंय उभी रवलंय."

बाबल तिथेच खाली बसला. देवळात बसला होता तसाच, असं मला शेजारच्या एकाने हळूच सांगितलं. ज्याने कोर्टात काहीच ऐकलं नव्हतं त्याने.

गाडीत ती माझ्याशी बोलली. "तुका वाटला, मी त्येका फाशी व्हावची म्हणान इलंय. तुज्या कागदात तसा लिवलेला होता. फाशी झाली असती तर झाली असती. पण तो रोज मासळी ठेवता नि सगळो गाव बगता, सगळा कसा नीट चलला हा. जसो वासू मेलोच नाय. जसो कोणी कोणाक मारूकच नाय. ता माका मोडूचा होता. मोडला."

मी सरकारने अपील करावं म्हणून अर्ज केले, मुंबईपर्यंत. उत्तर आलं नाही. ज्यांच्या ट्रॉलरवर बाबल जाणार होता त्यांचं नाव खटल्यात कुठेच आलं नाही. ते आता समाजकार्य करतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हस्ते कुठल्याशा शाळेत बक्षीस समारंभ आहे, आमंत्रणपत्रिका माझ्यासमोर पडली आहे.

निकालाच्या रात्री मी तिच्याकडेच राहिले होते. सकाळी थोरली पोरगी सवयीने गडग्याशी जाऊन उभी राहिली.

"बगू नको," शेवंतावयनी म्हणाली. "आता येवचो नाय." तिने पदर कमरेला खोचला आणि किनाऱ्याकडे निघाली. मी पाठोपाठ. हातात माझी पिशवी, पिशवीत निकालाच्या निषेधाच्या पत्रकाचा कच्चा मसुदा.

रापण लागली होती. दोन्ही रांगा ओढत होत्या. पुढे, गुडघाभर पाण्यात, वासूच्या जागी बाबल. अण्णा वाळूवर उभे राहून बघत होते. मागे वाळूत बायकांची जागा होती. ती तिथे थांबली नाही. सरळ पाण्यात उतरली, बाबलाच्या पुढ्यात गेली आणि दोरीला हात लावला.

रांग थबकली. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी समुद्राकडे पाहिलं. दोरीला हात लावलेल्याला काय म्हणणार? त्या नियमापुढे कौलही चालत नाही.

बाबलाने दोरी सोडली. माझ्या अंगावरून वाळूत वर गेला, माडांच्या मागे दिसेनासा झाला. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी बघत राहिले.

"कागदवाले!" ती पाण्यातून ओरडली. "बगत काय रवलंस? एक माणूस कमी पडलो हा. हात लाव."

मी पिशवी वाळूत ठेवली.